पडदा रुपेरी नको, पांढरा हवा

(गणेशोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी याच व्यासपीठावर मधुमेहावर उत्तम व्याख्यान झालं आणि ते संपल्यावर आपण सर्वांनी जिलबी खाल्ली. त्यामुळे आजच्या व्याख्यानाचा परिणाम किती टिकेल याबद्दल माझ्या फार अपेक्षा नाहीत. तरी विषय कामाचा आहे: घरी सिनेमा पाहण्यासाठी रंगाने पडदा कसा तयार करावा. माझ्या घरची भिंत पाहून चार-पाच घरांनी चौकशी केली. शिवाय या सभागृहासाठी पडदा विकत घ्यावा की समोरची भिंत रंगवावी, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. तो निर्णय पैशांचा तर आहेच, पण कोणाला चित्र दिसणार आणि कोणाला नाही, याचाही आहे. ते कसं, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

माझी ओळख एवढीच की श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यातल्या एका मोटार कारखान्यात मी रंगविभागात काम करतो. गाडीच्या बॉनेटमध्ये गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे, यासाठी मला पगार मिळतो. आज मात्र चकाकी आणायची नाही, घालवायची आहे.

पडदा हवा कशाला?

चेन्नई ही सिनेमाची नगरी. पण मराठी चित्रपट इथे आला तर एखाद-दुसऱ्या पडद्यावर, तोही शनिवार-रविवारी, आणि आपल्याला सवड होईपर्यंत निघून गेलेला असतो. तरुण मंडळी धावतपळत गाठतात. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. वडील गेल्यावर ती साताऱ्याहून आमच्याकडे आली. तिला तमिळ येत नाही, गुडघ्यांमुळे थिएटरच्या पायऱ्या चढवत नाहीत, आणि मोबाइलच्या चार इंचांत तिला माणसं ओळखू येत नाहीत. आपल्यापैकी निम्म्या घरांत अशी एक आई किंवा आजोबा आहेत. त्यांच्यासाठी मोठं चित्र ही चैन नाही.

प्रोजेक्टर आता आटोक्यातल्या किमतीत मिळतात. खरी अडचण पडद्याची. चांगला ताणलेला पडदा महाग, आणि स्वस्तातला गुंडाळीचा पडदा वर्षभरात कडेने वळतो किंवा त्याला लाटा पडतात. भिंत वळत नाही. म्हणून भिंतीचाच विचार करू. पण आधी पडदा काय काम करतो ते पाहू, म्हणजे दुकानदार सांगेल तो रंग आपण घेणार नाही.

वाढपी आणि पंगत

पन्नाशीच्या पुढच्यांना गणपतीतले रस्त्यावरचे सिनेमे आठवत असतील. दोन खांबांना पांढरं कापड बांधायचं आणि लोक दोन्ही बाजूंना बसायचे. मागच्या बाजूला बसणाऱ्यांचा नायक डावखुरा असायचा आणि श्रेयनामावली उलटी. म्हणजे कापडावर पडलेल्या उजेडाचा काही भाग आरपार जात होता. तो मागच्या पंगतीला मिळाला, पुढच्यांचा तेवढा गेला. तेव्हा पहिली गोष्ट: पडदा अपारदर्शक हवा. इथे रंगवलेली भिंत चादरीला सहज हरवते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पडदा स्वतः उजेड तयार करत नाही. प्रोजेक्टरने दिलेला उजेड तो फक्त वाटतो. तो पंगतीतला वाढपी आहे. परातीत जिलब्या ठरलेल्या. मधल्या पानांवर चार-चार वाढल्या तर कडेच्या पानांवर एकेक येणार.

याला पडद्याचा 'गेन' म्हणतात. सर्व दिशांना सारखा उजळ दिसणारा आदर्श पांढरा पृष्ठभाग म्हणजे गेन १. योहान हाइनरिश लॅम्बर्ट या शास्त्रज्ञाने १७६० साली अशा पृष्ठभागाचं गणित मांडलं. समोरून पाहा किंवा तिरकं पाहा, तो सारखाच उजळ दिसतो. गेन २ चा पडदा म्हणजे मध्यभागी बसणाऱ्याला दुप्पट उजेड. पण तो आणला कुठून? कडेला बसणाऱ्यांच्या वाट्यातून. जास्त गेनच्या काही पडद्यांवर मध्यापासून २०-३० अंश बाजूला सरकलं, की उजेड निम्म्यावर येतो.

आपण सिनेमाला 'रुपेरी पडदा' म्हणतो तो यामुळेच. जुन्या काळी प्रोजेक्टरचे दिवे मंद होते, म्हणून पडद्याला चंदेरी धातूचा रंग देत. उजेड मध्यावर एकवटायचा, कडेच्या खुर्च्या अंधारात राहायच्या. पुढे दिवे प्रखर झाले आणि बहुतेक थिएटरांचे पडदे पांढरे झाले. ध्रुवीकरणाचे चष्मे घालून पाहण्याच्या त्रिमितीय चित्रपटांना मात्र चंदेरी पडदाच लागतो, कारण साध्या पांढऱ्या रंगावर पडलं की प्रकाशाचं ध्रुवीकरण मोडतं. आपल्याला घरी ते करायचं नाही. तरीही 'रंगात थोडी चंदेरी भुकटी घाला, चित्र उठून दिसेल' असा सल्ला देणारे भेटतात. उठून दिसतं, पण फक्त सल्ला देणाऱ्याच्या खुर्चीवरून.

माझ्या घरी आईची खुर्ची दाराशी आहे, म्हणजे भिंतीच्या मध्यापासून जवळजवळ ५० अंश बाजूला. तिला उठबस करायला तीच जागा सोयीची. ती मध्ये येणार नाही, म्हणून उजेडाने तिच्याकडे गेलं पाहिजे. माझा रंग तिच्या खुर्चीवरून ठरला: साधा, पांढरा, अजिबात चकाकी नसलेला.

उजेड पुरेल का?

इथे थोडं गणित. डिजिटल सिनेमाच्या थिएटरात पांढऱ्या पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट एवढी उजळी असावी असा मानदंड आहे. हिशेब सोपा: पडद्याचं क्षेत्रफळ चौरस फुटांत घ्या, १४ ने गुणा, गेनने भागा, की लागणारे लुमेन निघतात. आठ बाय चार फुटांचा प्लायवूडचा अख्खा तुकडा घेतला आणि त्यावर १६:९ प्रमाणाचं ४ फूट उंचीचं चित्र बसवलं, तर रुंदी ७ फूट दीड इंचाच्या आत-बाहेर येते आणि कर्ण ९८ इंच. क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस फूट. गुणाकार केला तर गेन १ च्या पडद्याला सुमारे ४०० लुमेन पुरतात. होय, फक्त ४००. पण हे खरे, मोजलेले लुमेन हवेत. खोक्यावर हजारोंचा आकडा छापलेले छोटे स्वस्त प्रोजेक्टर मिळतात. त्यात एएनएसआय किंवा आयएसओ पद्धतीने मोजलेला आकडा दिला आहे का ते पाहा. दिला नसेल तर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका.

हे ४०० लुमेन अंधाऱ्या खोलीत पुरतात. अंधार का महत्त्वाचा, तेही पाहू. तेवढ्या पडद्यावर ४०० लुमेन म्हणजे सुमारे १५० लक्स. आता खोलीतली ट्यूबलाइट भिंतीवर ५० लक्स टाकते असं धरू. चित्रातला काळा भाग ५० झाला आणि पांढरा २००. म्हणजे पांढरा काळ्याच्या फक्त चौपट. नायकाचे केस राखाडी दिसणार, मग तो कितीही तरुण असो.

यावर काही जण राखाडी रंग सुचवतात. राखाडी रंगाने काळा अधिक काळा दिसतो हे खरं. पण निम्मा उजेड परतवणारी राखाडी भिंत घेतली तर ५० चे २५ होतात आणि २०० चे १००. प्रमाण पुन्हा चौपटच! ट्यूबलाइटवर राखाडी हा उतारा नाही, ट्यूबलाइटचं बटण हा उतारा आहे. राखाडीचा खरा उपयोग वेगळा. अंधार केल्यावरही पडद्यावरून निघालेला उजेड पांढऱ्या छतावर आणि बाजूच्या भिंतींवर आदळून पडद्याकडे परत येतो. राखाडी भिंत तो परतलेला उजेड कमी उचलते. प्रोजेक्टर दणकट असेल आणि छत पांढरंच ठेवायचं असेल तर फिका, कोणत्याही रंगाची छटा नसलेला राखाडी चालेल. नाहीतर पडद्याजवळच्या दोन-तीन फुटांत गडद पडदे सोडणं हा अधिक चांगला उपाय. दिवसा वापरायला ते बाजूला सरकवता येतात.

प्रत्यक्ष काम

आता बाह्या सरसावू. भिंत निवडताना बाहेरची भिंत टाळा. आपल्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस झोडपतो. बाहेरच्या भिंतीला ओल येते, लोणा फुटतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात. आतली भिंत घ्या. खिडकीच्या थेट समोरची नको, कारण खिडकीचा सगळा उजेड तिच्यावरच पडतो. काम पावसाळ्याआधी किंवा पोंगलनंतर काढा, म्हणजे प्रत्येक थर नीट वाळतो.

मग सपाटी. गवंड्याची अॅल्युमिनियमची लांब पट्टी भिंतीवर आडवी, उभी, तिरकी लावून पाहा. पट्टीखालून उजेड दिसला की तिथे खड्डा. आमच्या कारखान्यात गाड्या ट्यूबलाइटच्या रांगांखालून नेतात. पत्र्यावरचं नळीचं प्रतिबिंब वाकडं दिसलं की तिथे लाट आहे हे कळतं. भिंतीला चकाकी नाही, म्हणून घरी वेगळी युक्ती: रात्री दिवे घालवून टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून धरा. तिरक्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. त्या जागांवर पेन्सिलने खूण करा.

खुणांवर लांबी भरा. पातळ थर द्या, वाळू द्या, मग दुसरा. एकदम जाड थर दिला तर तडकतो. वाळल्यावर पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा, आधी १८० नंबर, मग ३२०. नुसत्या हाताने घासलं तर बोटांचे खड्डे पडतात. पुन्हा टॉर्च. माझ्या घरी हे तीनदा करावं लागलं. सगळ्या कामातला अर्ध्याहून जास्त वेळ इथेच जातो, आणि तो इथेच घालवायचा. धूळ पुसून प्रायमरचा एक हात द्या. प्रायमर नसेल तर लांबी भरलेली जागा रंग जास्त शोषते आणि तिथे डाग दिसतो.

आता रंग. पाण्यात मिसळणारं, मॅट फिनिशचं इमल्शन. त्यातला पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो. डिस्टेंपर नको, त्याची भुकटी हाताला लागते. सॅटिन किंवा सिल्क फिनिश तर मुळीच नको. ते धुता येतं म्हणून दुकानदार आग्रह करतो, पण त्यावर प्रोजेक्टरच्या दिव्याचा पांढरट गोळा उठतो, आणि आपण जागा बदलली की तो गोळाही आपल्याबरोबर सरकतो. एका सहकाऱ्याच्या घरी असा गोळा नेमका नायिकेच्या चेहऱ्यावर बसायचा. आपले तमिळ रंगारी कामात वाकबगार असतात, पण गुळगुळीत चमकेलाच ते चांगलं काम मानतात. त्यांना दोन शब्द सांगा: 'शायनिंग वेंडाम'. चमक नको.

पांढरा म्हणजे कोणताही छटा न घातलेला पांढरा. फ्लॅटच्या भिंती बहुधा क्रीम असतात आणि दिवसा त्या पांढऱ्याच वाटतात. रंगीत चित्रपटात ही छटा लपते, कृष्णधवल चित्रपटात उघडी पडते. म्हणून पुठ्ठ्यावर नमुना रंगवा आणि प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) त्यावर लावून पाहा. तुकोबांची बंडी पिवळसर दिसली तर रंग बदला.

एक लिटरचा डबा या पडद्याला दोन हात देऊनही उरतो. आखूड केसांचा रोलर वापरा. लांब केसांच्या रोलरने संत्र्याच्या सालीसारखे दाणे उठतात. काम चालू असताना पंखा बंद ठेवा, घाम पुसा. पंख्याखाली कडा लवकर वाळते आणि दुसरा पट्टा तिच्यावर चढला की रेघ राहते. ओल्या कडेला कडा मिळवत एका बाजूने दुसऱ्या बाजूला जा. शेवटचा हलका फेर सगळीकडे वरून खाली, एकाच दिशेने. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, आपल्या दमट हवेत त्याहून थोडा जास्तच.

शेवटी चौकट. चित्राभोवती तीन-चार इंचांची काळी कडा द्या. काळा मॅट रंग चालतो, काळी मखमल त्याहून चांगली. काळ्याशेजारी पांढरा अधिक उजळ वाटतो आणि चित्राची जराशी वाकडी कड मखमलीत गडप होते. खर्च थोडा, पण घरी येणारा पाहुणा आधी कडेचंच कौतुक करतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भिंतीऐवजी मघाचा आठ बाय चारचा प्लाय रंगवावा. दोन सूचना. मागची बाजू आणि कडाही रंगवा, नाहीतर एकाच बाजूने ओल शोषून तो धनुष्यासारखा वाकतो. आणि विकत घेण्याआधी जिन्याचं वळण मोजा, कारण तो लिफ्टमध्ये मावत नाही. काळी कडा प्लायवरच बसवायची असेल तर चित्राची उंची ४६ इंच धरा. कर्ण ९४ इंच मिळतो, तोही भरपूर आहे. जुने मराठी चित्रपट जवळजवळ चौकोनी असतात, त्यांना उंचीच उपयोगी पडते.

एक इशारा. भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवायचे प्रोजेक्टर आता मिळतात. त्यांचा उजेड खालून अतिशय तिरका येतो, म्हणजे आपल्या टॉर्चसारखाच! भिंतीतली प्रत्येक लाट ते जाहीर करतात. असं यंत्र असेल तर त्यासाठी बनवलेला ताठ पडदाच घ्या, रंगाच्या भानगडीत पडू नका.

निगा: मॅट रंग ओल्या फडक्याने घासू नका, घासलेली जागा चकाकते. कोरड्या मऊ कपड्याने धूळ झटका. डाग पडला तर तेवढ्याच जागी ठिगळ लावू नका, ते दिसतं. पूर्ण चौकोनावर एक हात फिरवा, तासाभराचं काम आहे. विकतच्या पडद्याला ही सोय नाही.

आपलं सभागृह

आता मंडळाच्या प्रश्नाकडे येतो. कार्यकारिणीकडे आलेल्या दरपत्रकांत जास्त गेनचा एक पडदा आहे, आणि 'चित्र दुप्पट उजळ' हे वाक्य काहींना आवडलं आहे. या सभागृहात कोण कुठे बसतं ते पाहा. पहिल्या रांगेत मधोमध पाहुणे आणि आम्ही पदाधिकारी. लहान मुलं पुढे सतरंजीवर, दोन्ही कोपऱ्यांपर्यंत पसरलेली. आजी-आजोबा भिंतीलगतच्या खुर्च्यांवर, कारण तिथे टेकता येतं आणि बाहेर जाता येतं. दुप्पट उजेड पाहुण्यांना मिळेल. ज्यांच्यासाठी आपण मराठी चित्रपट दाखवणार, ते दोन्ही गट कडेला आहेत.

माझी सूचना अशी. समोरच्या भिंतीवर १२ फूट रुंद, पावणेसात फूट उंच पांढरा मॅट पडदा रंगवावा. ८१ चौरस फूट, म्हणजे अंधारात साडेअकराशे खरे लुमेन पुरतील. मंडळाच्या प्रोजेक्टरची क्षमता कागदावर याहून बरीच जास्त आहे, त्यामुळे दिवा जुना झाला तरी निभावेल. वाचलेल्या पैशांतून वरच्या झरोक्यांना जाड गडद पडदे शिवून घ्यावेत. उजेड विकत घेण्यापेक्षा अंधार विकत घेणं इथे स्वस्त आहे. लांबी आणि घासकामासाठी आमच्या कारखान्यातले चार मित्र दोन रविवार द्यायला तयार आहेत. त्यातले दोघे तमिळ आहेत, एक ओडिया. त्यांची अट एवढीच की चित्रपटाला इंग्रजी उपशीर्षकं हवीत. आणखी एक लक्षात ठेवू: घरी पाहण्यासाठी घेतलेली प्रत सभागृहात लावता येत नाही. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची परवानगी आधी मागावी लागेल. ते पत्र चिटणिसांनी आत्ताच पाठवावं.

घरच्या भिंतीवर आम्ही पहिला चित्रपट लावला तो 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. आई तिच्या दाराजवळच्या खुर्चीवरून न उठता शेवटपर्यंत पाहत होती. मी मध्येच विचारलं, "आई, दिसतंय ना नीट?" ती म्हणाली, "दिसतंय की. तू बाजूला हो." रंगकामात इतकी वर्षं घालवूनही एवढं चोख प्रमाणपत्र मला दुसरं मिळालेलं नाही.

वाढप्याने कडेच्या पानाकडे आधी पाहावं, ही आपल्या पंगतीची रीत आहे. सभागृहाचा पडदा निवडताना कार्यकारिणीने तीच पाळावी, एवढी विनंती करतो. प्रश्न असतील तर महाप्रसादाच्या रांगेत विचारा, उत्तर देताना माझी जागा जाणार नाही एवढं मात्र पाहा.

गणपती बाप्पा मोरया!